कातळावरचा कुलवृत्तांत : प्रस्तावना

आफ्रिका खंडाच्या वायव्य किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरांवर, ज्वालामुखींच्या उद्रेकांतून अटलांटिक महासागराच्या तळावरून वर आलेली जी कनारी बेटे आहेत, त्या सर्वांचे मिळून क्षेत्रफळ आपल्या एका रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही थोडे कमीच भरते. आणि तरीही एवढ्याशा मुलखात, उभ्या कड्यांच्या भेगांतून, थिजलेल्या लाव्ह्याच्या खडबडीत पाठीवरून, जुन्या घरांच्या कौलांवरून आणि धुक्यात बुडालेल्या अरण्यांच्या कडेकडेने मांसल पानांच्या ज्या वनस्पती वाढतात, त्यांची विविधता इतकी आहे की, त्यांची नावनिशीवार मोजदाद करण्यात युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पिढ्यानपिढ्या खर्ची पडल्या आणि ते काम आजही पुरे झाले असे म्हणवत नाही. या वनस्पती क्रॅसुलेसी कुलातल्या, म्हणजे आपल्या परसातील पानफुटीच्या कुलातल्या आहेत. एओनियम, ऐक्रिसॉन आणि मोनँथिस या त्यांच्या तीन प्रजाती हा पुढील पानांचा विषय असून, त्यांतही ज्या जाती आकाराने लहान, सहज नजरेतून सुटणाऱ्या आणि म्हणूनच ओळखण्यास कठीण आहेत, त्यांच्याकडे मी अधिक लक्ष पुरविले आहे.

एखाद्या वनस्पतीची ओळख पटविणे हे शास्त्राच्या पायरीवरचे काम, खरे शास्त्र त्याच्या आत, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला हे मत मान्य नाही. आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करणारा मनुष्य नुसत्या आडनावावर विसंबत नाही. मूळ गाव कोणते, शाखा कोणती, कोणत्या पिढीत कोण कोठे जाऊन राहिला, याची कागदोपत्री रुजवात घातल्याखेरीज तो वंशवृक्षात कोणाचे नाव चढवीत नाही. आणि ज्याने हे काम निष्ठेने केले, त्याच्या हाती घराण्याचा समग्र इतिहासच येतो. या बेटांवरील वनस्पतींच्या बाबतीत नेमकी हीच शिस्त लागते. पानांच्या गुच्छाचे रूप पाहून नाव सांगणे म्हणजे आडनावावरून नाते जुळविणे होय. खरी ओळख दोन साक्षींवर उभी राहते: एक साक्ष फुलाची, दुसरी स्थानाची, आणि या दोहोंपैकी एक जरी गैरहजर असेल, तरी निकाल राखून ठेवणे हेच जाणत्याचे लक्षण समजले पाहिजे.

स्थानाची साक्ष इतकी वजनदार का ठरावी, हे समजण्यासाठी या द्वीपसमूहाची घडण थोडी पाहावी लागते. बेटे सर्व ज्वालामुखीजन्य असली, तरी ती एका काळची नाहीत. पूर्वेकडील फुएर्तेव्हेन्तुरा दोन कोटी वर्षांहून जुने असून झिजून झिजून बुटके झाले आहे. पश्चिम टोकाचे एल हिएरो जेमतेम ११ लाख वर्षांचे. आणि ला पाल्मा बेटावर तर १९७१ मध्ये तेनेगिआ ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुन्हा २०२१ च्या १९ सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत लाव्हा वाहत राहून त्याने घरे आणि केळीच्या बागा गाडून टाकल्या. लान्सारोते बेटाचा मोठा भाग १७३० ते १७३६ या सहा वर्षांच्या उद्रेकांनी झाकला गेला. मधोमध टेनेरिफे असून, तेथील तेइदे शिखर ३,७०० मीटरांच्याही वर जाते. त्याच बेटाच्या ईशान्येचा आनागा आणि वायव्येचा तेनो हे दोन डोंगरी भाग मात्र फार जुने आहेत. मधला अजस्र ज्वालामुखी घडण्यापूर्वीपासून ते उभे आहेत आणि खोल घळींनी ते असे चिरले गेले आहेत की, एका घळीतले बी शेजारच्या घळीत पोहोचणे हीच एक दुर्मिळ घटना ठरावी. एका बेटात जणू अनेक बेटे आहेत. आणि म्हणूनच आनागाच्या कड्यांवर जे आहे ते तेनोत असेलच असे नाही, तेनोत आहे ते आनागात शोधून सापडेलच असे नाही.

त्यात हवामानाची भर पडते. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे बेटांच्या उत्तर उतारांवर आदळून सुमारे ६०० ते १,५०० मीटरांच्या पट्ट्यात ढगांचा एक थर धरून ठेवतात. त्या थरात सदाहरित वृक्षराजी, जिला तेथे लॉरेल अरण्ये म्हणतात ती, बारमाही ओलाव्यावर जगते, आणि डोंगराची धार ओलांडून दक्षिणेस उतरताच काही किलोमीटरांच्या आत वाळवंटाची कळा येते. ला गोमेरा बेटावरील गाराहोनाय अरण्य, ज्यास १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, ते याच ढगांचे अपत्य आहे. आपल्या वाचकाने एक गोष्ट येथे ध्यानी धरावी. ही बेटे साधारण दिल्लीच्या अक्षांशावर असली, तरी तेथील पाऊस हिवाळ्याचा आहे. उन्हाळा कोरडा जातो. सह्याद्रीतील कातळावरची रोपटी ज्या महिन्यांत फुलून येतात, त्या जून ते सप्टेंबर या काळात कनारी बेटांवरील ही मंडळी पाने मिटून, बाहेरची पाने वाळवून, निद्रिस्त असतात. त्यांचा वाढीचा मोसम कार्तिकात सुरू होतो आणि बहुतेकांचा फुलोरा वसंतात, मार्च ते जूनच्या दरम्यान येतो.

या वनस्पतींचे दफ्तर प्रथम उघडले ते स्वीडनच्या लिनीयसने. परंतु त्याने १७५३ मध्ये यांना युरोपच्या डोंगरांतील सेम्परव्हायव्हम या प्रजातीतच दाखल करून घेतले, आणि ही नोंद पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तशीच चालू राहिली. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानासाठी देशोदेशींची रोपे गोळा करणारा फ्रान्सिस मॅसन १७७८ च्या सुमारास या बेटांवर हिंडला; त्या काळी क्यूला पोहोचलेल्या कनारी रोपांपैकी एक चिमुकले रोप १७८९ मध्ये एटनने केलेल्या क्यूच्या उद्यानसूचीत सेम्परव्हायव्हम मोनँथिस या नावाने नोंदले गेले. एड्रियन हावर्थ या मांसल वनस्पतींच्या चोखंदळ अभ्यासकाने ते रोप फुलासकट पाहिले, त्याचे वेगळेपण ओळखले आणि १८२१ मध्ये त्याच्यासाठी मोनँथिस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. मधल्या काळात, १८१५ मध्ये, नॉर्वेचा ख्रिस्टेन स्मिथ हा तरुण वनस्पतिज्ञ भूशास्त्रज्ञ लिओपोल्ड फॉन बुक याच्यासमवेत बेटांवर येऊन गेला. परत जाऊन आपल्या संग्रहाचा तपशील स्वतः प्रसिद्ध करण्याचे त्याच्या नशिबी नव्हते, कारण दुसऱ्याच वर्षी काँगो नदीच्या मोहिमेवर त्याचा अंत झाला. टेनेरिफेच्या उंच कड्यांवरील एओनियम स्मिथाय ही केसाळ खोडाची जाती त्याचे नाव धारण करून आहे.

येथे एका अपूर्ण राहिलेल्या भेटीची आठवण होते. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १७९९ मध्ये अमेरिकेस जाताना टेनेरिफेवर थांबून तेइदेच्या शिखरापर्यंत चढून गेला होता, आणि त्याचे वर्णन वाचून ज्या तरुणांची मने पेटली त्यांत चार्ल्स डार्विन होता. परंतु १८३२ च्या जानेवारीत त्याचे जहाज टेनेरिफेसमोर उभे राहिले, तेव्हा पटकीच्या भीतीने बंदराच्या अंमलदारांनी कोणासही उतरू दिले नाही आणि कप्तानाने शिडे वळवली. बेटांवर एका वंशाच्या अनेक जाती कशा होतात, हा प्रश्न डार्विनला पुढे गॅलापागोस बेटांनी घातला. तोच प्रश्न, आणि तोही अधिक स्पष्ट अक्षरांत, येथल्या कड्यांवर लिहिलेला होता.

ही अक्षरे नीट वाचून पाहिली ती फिलिप बार्कर वेब या इंग्रज गृहस्थाने आणि साबाँ बेर्तलो या फ्रेंच निसर्गज्ञाने. कनारी बेटांचा नैसर्गिक इतिहास हा त्यांचा बहुखंडी ग्रंथ १८३६ ते १८५० या काळात प्रसिद्ध होत गेला आणि त्यात १८४० मध्ये त्यांनी एओनियम व ऐक्रिसॉन या प्रजाती प्रथम वेगळ्या काढल्या. त्यानंतरचा मोठा टप्पा रॉबर्ट लॉइड प्रेगरचा. हा आयरिश निसर्गज्ञ शिक्षणाने स्थापत्य अभियंता आणि व्यवसायाने ग्रंथपाल. आयर्लंडची वनश्री पायी तुडवून झाल्यावर, साठीच्या घरात आल्यानंतर, तो कनारी बेटांकडे वळला, आणि १९३२ मध्ये त्याने सेम्परव्हायव्हम गणाचा जो विवेचक ग्रंथ लिहिला, तो आजही हाताशी ठेवल्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. प्रेगरच्या लेखनाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो हा की, त्याने वाळलेल्या नमुन्यांवरून निवाडे दिले नाहीत. मांसल वनस्पती कागदात दाबून वाळवली की, तिच्या पानांची जाडी, खोली, लव, चिकटपणा, सारेच नाहीसे होते. म्हणून त्याने कड्याशी जाऊन रोप जिवंत पाहिले आणि मायदेशी ते वाढवून पुन्हा पाहिले. पुढे एरिक स्व्हेन्तेनियस या स्वीडिश वनस्पतिज्ञाने १९५२ मध्ये ग्रान कनारिया बेटावर केवळ स्थानिक वनस्पतींसाठी एक उद्यान वसविले आणि १९७३ मध्ये त्या उद्यानाबाहेरील रस्त्यावरच अपघातात त्याचा मृत्यू झाला. १९८९ मध्ये तैवानच्या हो-यिह लिऊ याने एओनियमची अभ्यासपूर्ण फेरतपासणी प्रसिद्ध केली. कागद असे साचत गेले आहेत, आणि आपण आता त्यांच्या आधाराने प्रत्यक्ष रोपाकडे वळू.

प्रथम प्रजाती ठरवावी, आणि ती शक्यतो फुलावरून ठरवावी. ऐक्रिसॉनच्या बहुतेक जाती अल्पायुषी. हिवाळ्यात रुजून, वसंतात फुलून, बी टाकून उन्हाळ्यापूर्वी मरून जाणाऱ्या आहेत. त्यांची पाने पातळ, देठांची आणि बहुधा लवयुक्त असतात, खोड पुन्हा पुन्हा दोन फांद्यांत दुभंगत जाते, फुले पिवळी. एओनियममध्ये पाने घट्ट गुच्छांत मांडलेली, त्यांच्या कडांना बहुधा बारीक केसांची झालर, आणि फुलाचे अवयव बहुधा सहा ते बारांच्या पटीत असतात. मोनँथिसचे फूल मात्र या दोहोंहून इतके निराळे आहे की, ते एकदा भिंगाखाली पाहिलेल्या मनुष्याची पुन्हा फसगत होणे नाही. पाकळ्यांच्या आतील बाजूस, बीजकोशांच्या तळाशी, मध पाझरणारी जी शल्के असतात, ती या कुलातील इतर वनस्पतींत इतकी बारीक की सुईच्या टोकाने शोधावी लागतात. मोनँथिसमध्ये तीच शल्के रुंद, पंख्यासारखी पसरलेली, मधाने चमकणारी होऊन बसली आहेत, आणि खऱ्या पाकळ्या अरुंद, फिकट, तांबूस ठिपक्यांच्या, दुर्लक्षित अशा मागे राहिल्या आहेत. सेंटिमीटरभर रुंदीचे हे फूल नुसत्या डोळ्यांनी पाहणारा शल्कांनाच पाकळ्या समजतो आणि तेथून पुढचे त्याचे सर्व गणित चुकते. म्हणून दसपटीचे एक साधे भिंग गळ्यात असल्याखेरीज या वनस्पतींच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एओनियममध्येच आता जमा झालेला, परंतु फार काळ ग्रीनोव्हिया या नावाने वेगळा नांदलेला एक लहानसा गट आहे. वेबने जॉर्ज बेलास ग्रीनो या इंग्रज भूशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ हे नाव दिले होते. यांच्या फुलांत पाकळ्यांची संख्या वीस, पंचवीस, कधी तीसपर्यंत जाते आणि मधुशल्के मुळीच नसतात. भेद इतका ठळक की, स्वतंत्र प्रजातीची सनद यांना सहजच मिळाली. परंतु गुणसूत्रांतील द्रव्याची तुलना करण्याची साधने हाती आल्यावर असे दिसून आले की, हा गट एओनियमच्या वंशवृक्षाच्या आतच एक फांदी म्हणून बसतो. तेव्हा सनद रद्द झाली. नाव गेले तरी लक्षणे गेली नाहीत, आणि ओळखीसाठी ती अजूनही उपयोगाची आहेत. गटातील चार जातींपैकी एओनियम ऑरियमची पाने मोठी, निळसर आणि गुळगुळीत. एओनियम डिप्लोसायक्लमही निळसर, पण त्याचा गुच्छ बहुधा एकुलता. एओनियम ऐझूनची पाने चिकट लवेची, आणि ते टेनेरिफेच्या ग्विमार परिसरातले. एओनियम डोड्रान्टाले सर्वांत लहान, गुळगुळीत, आईच्या बगलेतून बारीक दांड्यांवर पिले काढणारे. उन्हाळ्यात हे सारे गुच्छ मिटतात, बाहेरची पाने वाळून कागदासारखे आवरण होते आणि आत उरलेला कोंब पुढच्या पावसाची वाट पाहतो. अशा अवस्थेत नुसत्या रूपावरून त्यांचे नाव सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

एओनियमच्या इतर लहान जातींत डोळ्यांइतकाच बोटांचा आणि नाकाचा उपयोग होतो. एओनियम सेडिफोलियम हे तेनोच्या आणि ला पाल्माच्या कातळावरचे झुडूप वीतभरही नसते; त्याची पाने सेंटिमीटरभर, टोकाशी फुगीर, चिकट, आणि त्यांवर तांबूस रेघा असतात. अशा गडद रेघा एओनियम स्पाथुलाटमच्या पानांच्या पाठीवर दिसतात, ग्रान कनारियातील एओनियम सिम्साय याच्या पानांवरही दिसतात. परंतु सिम्सायच्या कडांना लांब पांढरे केस असतात आणि ते दुसऱ्या बेटावर उगवतच नाही. ला गोमेरातील एओनियम साँडर्साय उन्हाळ्यात काटकुळ्या फांद्यांच्या टोकांशी लहान गोळ्यांसारखे गुच्छ मिटून बसते. लान्सारोतेच्या एओनियम बाल्सामिफेरमला राळेचा वास येतो. टेनेरिफेच्या ईशान्येकडील एओनियम लिंडलेयी याची पाने चिकट व सुगंधी असून, तेथील निवडुंगासारख्या युफोर्बियाचा दाहक चीक डोळ्यांत वा त्वचेवर उडाल्यास याच पानांचा रस लावण्याची मेंढपाळांची जुनी वहिवाट आहे. एओनियम उर्बिकम तर ला लागुना शहरातील जुन्या घरांच्या कौलांवर उगवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मान वर करून पाहावयास लावते. आणि टेनेरिफेच्या उत्तरेकडील ओल्या कड्यांवर एओनियम टॅब्युलिफॉर्मे आहे, ज्याची शंभराहून अधिक पाने एकमेकांवर अशी चपखल बसतात की, सारा गुच्छ कड्याला चिकटवल्यासारखा सपाट होतो. काही वर्षे तो असा वाढतो, एकदाच फुलतो आणि मरतो. लहान जातींच्या या प्रकरणात त्याला जागा नाही हे खरे, पण त्याच्याजवळून मुकाट्याने पुढे जाणे मला जमले नाही.

मोनँथिसच्या दहा-बारा जातींत सर्वांत अधिक गोंधळ आनागाच्या डोंगरांत होतो, कारण तेथे मोनँथिस लॅक्सिफ्लोरा आणि मोनँथिस आनागेन्सिस या दोन्ही सरपटत्या फांद्यांच्या जाती कड्याच्या सावलीत वाढतात. रंगावर जाल तर फसाल. लॅक्सिफ्लोराची पाने हिरवी असतात, रुपेरी राखाडी असतात, जांभळटही असतात. पानांची मांडणी पाहा. लॅक्सिफ्लोराची पाने समोरासमोर जोडीने येतात. आनागेन्सिसची एकाआड एक येतात, ती अधिक अरुंद असतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला पन्हळ असते. मोनँथिस पॉलिफिला मात्र फांद्या लांबवीत नाही. तिचे सेंटिमीटरभर रुंदीचे, असंख्य पानांचे दाट गुच्छ एकमेकांना खेटून कातळावर गालिचा धरतात, आणि पानांच्या टोकांवरील बारीक पुटकुळ्या भिंगाखाली दवासारख्या चमकतात. हावर्थने जिच्यावरून प्रजाती मांडली ती हीच. मोनँथिस पॅलेन्स बहुधा एकटी राहते. मोनँथिस आयक्टेरिका ही वर्षभरात जन्मून मरणारी, पिवळसर, अगदी क्षुल्लक दिसणारी वनस्पती पाहिली की प्रथम ऐक्रिसॉनची शंका येते. ती शंका फूल उमलल्यावाचून फिटत नाही. कनारी बेटांच्या उत्तरेस सेल्व्हाजेन्स नावाची जी निर्मनुष्यप्राय पोर्तुगीज बेटे आहेत, तेथील मोनँथिस लोवेई हीच काय ती या प्रजातीतील द्वीपसमूहाबाहेरची जाती होय.

ऐक्रिसॉनविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांची लक्षणे लवेच्या प्रकारावर आणि पाकळ्यांच्या लांबीवर इतकी अवलंबून आहेत की, ती प्रत्येक जातीच्या वर्णनातच वाचलेली बरी. ऐक्रिसॉन लॅक्सम सर्वत्र भेटते आणि त्याची ओळख आधी करून घ्यावी. ऐक्रिसॉन पंक्टाटमच्या पानांच्या कडेशी काळपट ठिपके असतात. आणि पूर्वेच्या कोरड्या बेटांवरील ऐक्रिसॉन टॉर्ट्युओसम ही अपवादात्मक जाती वर्षायू नसून जाड, चिकट पानांचे बारकेसे झुडूपच आहे.

आता अडचणींची कैफियत. पहिली अडचण प्रकाशाची: जे रोप उन्हात तांबडे, आखूड आणि घट्ट असते, तेच सावलीत हिरवे, लांब आणि सैल होते, आणि कुंडीत, खिडकीशी, तर त्याचे रूप असे बदलते की आपल्याच कड्यावर नेऊन ठेवले तरी ते परके दिसावे. दुसरी अडचण ऋतूची, तिच्याविषयी वर लिहिलेच आहे. तिसरी आणि सर्वांत बिकट अडचण संकराची. एओनियमच्या बहुतेक जातींत गुणसूत्रांची संख्या ३६ हीच असल्यामुळे दोन जाती शेजारी फुलल्या की त्यांचा संकर सहज होतो. रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांवर आणि शेळ्यांनी खाल्लेल्या उतारांवर, जेथे मूळच्या सीमा मोडल्या आहेत, तेथे असे मिश्र रोप हमखास आढळते. बानियारेस या स्पॅनिश वनस्पतिज्ञाने अशा संकरांपैकी कितीतरी नावांनिशी वर्णिले आहेत. संकराची शहानिशा करण्याचा एकच विश्वसनीय मार्ग आहे: रोपाच्या आसपास काय काय वाढते ते पाहणे. दोन्ही संभाव्य आईबाप त्याच घळीत हजर असतील, तर मधल्या रूपाचा उलगडा होतो; रोप उपटून घरी आणले, तर साक्षीदारच नाहीसे झाले. बाजारात नावाच्या चिठ्ठीसह मिळणाऱ्या एओनियमच्या कुंड्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांतील पुष्कळशा उद्यानात निपजलेल्या संकरांच्या असतात आणि त्यांच्या चिठ्ठीला दाखल्याची किंमत देता येत नाही.

एका गोष्टीचा बंदोबस्त नवख्याने प्रथमच करावा. बेटावर उतरताच ज्या काटेरी, मांसल वनस्पती रस्त्याकडेला सर्वांत अधिक दिसतात, तो फड्या निवडुंग आणि तो घायपात, दोन्ही अमेरिकेतून आलेले परदेशी आहेत. पैकी निवडुंग एकोणिसाव्या शतकात किरमिजी रंगाच्या किड्यांसाठी मुद्दाम पसरविला गेला. आपल्या शोधाचा त्यांच्याशी संबंध नाही.

या तिन्ही प्रजातींचा मूळ पुरुष आफ्रिकेतून आला असावा आणि बेटांवर त्याची संतती पांगली, असा आजच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. कोणी कड्यावर चढला, कोणी अरण्याच्या सावलीत गेला, कोणी दोन हजार मीटरांवरच्या थंडीत तग धरू लागला, कोणी वर्षभराचे आयुष्य पत्करले. आणि एओनियमची पूर्व आफ्रिकेत व अरबस्तानात आढळणारी मोजकी शाखा तर, पूर्वी समजत होते त्याप्रमाणे मागे राहिलेली नसून, बेटांवरून उलट मुख्य भूमीकडे परत गेलेली आहे, असे वंशसाधर्म्यावरून दिसते. धुळीसारख्या बियांना वाऱ्याने एवढा प्रवास घडवला. कोरडेपणाशी झुंजण्याची या कुलाची मूळ युक्ती सर्वपरिचित आहे: दिवसा पर्णरंध्रे मिटून घ्यायची, रात्रीच्या गारव्यात ती उघडून कर्बवायू घ्यायचा, मॅलिक आम्लाच्या रूपाने तो पानात साठवायचा, आणि उजाडल्यावर आतल्या आत त्याची शर्करा बनवायची. या क्रियेस शास्त्रात क्रॅसुलेसी कुलाचेच नाव मिळाले आहे. मात्र कनारी बेटांवरील सर्व जाती ती सारख्याच प्रमाणात वापरीत नाहीत. ओल्या सावलीतल्या जातींना तिची गरज कमी पडते.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच दूरचा वाटू नये, असे म्हणण्यास एक खरे कारण आहे. आपला सह्याद्रीही लाव्ह्याच्याच थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचा. आणि त्याच्या कड्यांवरही पाणी साठविणारी स्वतःची संतती वाढली आहे. जुन्नरच्या परिसरात डाल्झेल या वनस्पतिज्ञाला एकोणिसाव्या शतकात सापडलेली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव मिळालेली फ्रेरिया इंडिका, म्हणजेच शिंदळ माकुडी, शिवनेरीच्या कातळावर पाहिलेले वाचक असतील. कंदीलपुष्पांची जी सेरोपेजिया प्रजाती सह्याद्रीचे भूषण मानली जाते, तिच्याच काठीसारख्या मांसल खोडांच्या जाती, सेरोपेजिया फुस्का आणि सेरोपेजिया डायकोटोमा, कनारी बेटांच्या कोरड्या उतारांवर उभ्या आहेत. कुल निराळे, ऋतू उलटे, परंतु कातळाची अट तीच. आणि जो शिंदळ माकुडी ओळखताना कडा, उंची, दिशा आणि महिना टिपून ठेवण्यास शिकला आहे, त्याला आनागाच्या घळीत नव्याने काही शिकावे लागणार नाही.

या वनस्पतींवरील संकटे उघड आहेत. मोकाट शेळ्या, टेनेरिफेवर आणि ला पाल्मावर शिकारीसाठी आणून सोडलेल्या रानमेंढ्या, रस्ते, वणवे, आफ्रिकेतून येऊन उतारांवर पसरलेले तुऱ्याचे पेनिसेटम गवत, आणि या साऱ्यांत लाजिरवाणे म्हणजे संग्राहकांचे हात. एखाद्या जातीची सारी हद्द जेव्हा दोन-तीन घळींत सामावते, तेव्हा हौसेने उचललेले एक रोपही हिशेबात धरावे लागते. तेथील वनस्पतींना कायद्याचे संरक्षण आहे आणि परवान्यावाचून रोप उचलणे गुन्हा आहे. पण मी कायद्याच्या भीतीने हे सांगत नाही. कड्यावरून काढलेल्या रोपाचे निम्मे नाव कड्यावरच राहते, हे या सबंध विषयाचे सार असल्यामुळे, उपटणारा अभ्यासकच स्वतःचा पुरावा नष्ट करतो.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच आहे की, या पुस्तकाचा उपयोग करताना त्यांनी घाई करू नये. जो कोणी बेटांवर जाईल त्याने मार्च ते मे या महिन्यांत जावे, भिंग बरोबर ठेवावे, फूल जागच्या जागी पाहावे, त्याचे छायाचित्र शल्के स्पष्ट दिसतील इतक्या जवळून घ्यावे, आणि वहीत बेटाचे व घळीचे नाव, उंची, कड्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते, तारीख आणि शेजारी वाढणाऱ्या इतर जाती नोंदवाव्यात. फूल नसेल तर प्रजातीपर्यंतच थांबावे आणि जातीच्या रकान्यात काही लिहू नये. या पानांत कोठे वर्णन आणि प्रत्यक्ष रोप जुळत नसेल, तर त्या नोंदीसह मला अवश्य कळवावे. पुढील आवृत्तीत फेरफार करताना छापील शब्दापेक्षा कड्याशी उभे राहून केलेली नोंद प्रमाण मानली जाईल.